रस्ता किती चांगला, हे मोजायचे कसे?

मंडळी, वऱ्हाडातल्या माणसाला विचारा, "अमरावतीहून अकोला किती लांब?" तो मैल सांगणार नाही आणि किलोमीटरही सांगणार नाही. तो म्हणेल, "दीड-दोन घंटे." कोणी म्हणेल, "एस.टी.नं गेलं तं अडीच घंटे धरा." अंतराचे उत्तर वेळेत देण्याची ही आपली सवय शहरी पाहुण्याला गमतीची वाटते. पण रस्त्यांची आखणी करणारे इंजिनियर गेली कित्येक वर्षे कागदावर जे मांडू पाहतात, ते ह्याच घंट्याचे गणित आहे. रस्ता किती लांब हे टेपने मोजता येते. पण तो माणसाला किती उपयोगी पडतो, हे कशाने मोजायचे?

आणि मोजायचे तरी कशाला, असेही कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. सरकारच्या तिजोरीत पैसा एक आणि मागणाऱ्या वाटा हजार. कोणता रस्ता रुंद करायचा, कोणत्या रेल्वे-फाटकावर पूल बांधायचा, कोणत्या गावाला मुक्कामी गाडी द्यायची, हे ठरवताना "आमचे फार हाल होतात हो" हे वाक्य फारसे चालत नाही, कारण ते सगळेच म्हणतात. तिथे आकडा लागतो. तेव्हा तो आकडा कसा तयार होतो हे आपल्याला ठाऊक असले, तर आपले हाल त्यात मावले की बाहेर राहिले एवढे तरी आपल्याला पाहता येईल.

पहिले मोजमाप म्हणजे नुसती मोजणी. आपल्या देशात रस्त्यांचे नियम-प्रमाण ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली जी रस्ते-समिती नेमली गेली, तिच्या शिफारशींतून पुढे १९३४ च्या डिसेंबरात ही संस्था उभी राहिली. गावांबाहेरच्या रस्त्यांवरील वाहतूक कशी मोजावी, ह्याचे तिचे एक टिपण १९७२ सालचे आहे. त्यात सांगितले आहे की मोजणी वर्षातून निदान दोनदा करावी, प्रत्येक वेळी सलग सात दिवस आणि दिवसाचे चोवीस तास. एकदा सुगीच्या आणि बाजाराच्या ऐन हंगामात, एकदा मोकळ्या दिवसांत. हे 'एकदा सुगीत' वाचले की मला फार बरे वाटते. कापसाचा वेचा चालू असताना अकोल्याकडे जाणारा रस्ता आणि भर उन्हाळ्यातला तोच रस्ता, हे दोन निरनिराळे रस्ते असतात, हे ते टिपण लिहिणाराला ठाऊक होते.

मोजणीची रीत अगदी साधी. रस्त्याकडेला दोन माणसे बसायची, प्रत्येकाजवळ रकाने आखलेला कागद. मोटार गेली की त्या रकान्यात एक उभी रेघ, ट्रक गेला की त्याच्या रकान्यात एक. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी आडवी. दर तासाला कागद बदलायचा.

मी स्वतः एकदा मूर्तिजापूरच्या बाजूला असा बसलो होतो. एक म्हातारबुवा कापसाची गाडी घेऊन आले, सावलीला थांबले, आणि माझ्या कागदाकडे पाहून म्हणाले, "काय लिहून रायले जी?"

"रस्त्यावरच्या गाड्या मोजून रायलो, आबाजी."

"माही मोजली का?"

"मोजली. आठ धरली."

"आठ? अन् बैल तं दोनच हायेत!"

आबाजींचा प्रश्न रास्त होता. रस्त्यावरून सायकल जाते, ट्रक जातो, छकडा जातो. ह्या सगळ्यांची बेरीज करायची तर त्यांना एका मापात आणले पाहिजे, नाहीतर ती पायली आणि गजाची बेरीज होईल. म्हणून एक मोटार म्हणजे एक मात्रा असे धरतात आणि बाकीची वाहने तिच्या पटीत मांडतात. ह्याला पीसीयू म्हणजे पॅसेंजर कार युनिट म्हणतात. रोड्स काँग्रेसच्या १९९० सालच्या कोष्टकात गावांबाहेरच्या रस्त्यांसाठी सायकल आणि स्कूटर अर्धी मात्रा, बस किंवा ट्रक तीन, ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर साडेचार, टांगा चार, हातगाडी तीन, आणि बैलगाडी आठ! गाडी लहान असेल तर सहा.

आठ कशामुळे? गाडी मोठी म्हणून नव्हे. ती हळू चालते, मागच्यांना थांबावे लागते, ओलांडायचे तर समोरचा रस्ता मोकळा मिळेपर्यंत मागे रांग वाढत जाते. एक बैलगाडी रस्त्याची जितकी जागा आणि जितका वेळ अडवते, तितकी साधारण आठ मोटारी अडवतात, असा तो हिशेब. आबाजींना मी हे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हंजे मी आठ जणांचा रस्ता खाऊन रायलो म्हना की." आणि बैल हाकले.

त्या वाक्याने मी जरा वरमलो. इतकी वर्षे झाली तरी ते विसरलेलो नाही. कारण कोष्टक खोटे नाही, पण ते फक्त अडथळा मोजते. त्या गाडीत एका घराची वर्षभराची कमाई आहे, हे त्यात कुठेही येत नाही. उलट्या बाजूने पाहा. पन्नास माणसे नेणारी एस.टी. म्हणजे तीन मात्रा. तीच पन्नास माणसे चार-चार करून मोटारींतून गेली तर तेरा मोटारी, म्हणजे तेरा मात्रा. दोन-दोन करून फटफटीवर गेली तर पंचवीस फटफट्या, म्हणजे साडेबारा मात्रा. बस रस्ता किती वाचवते, हे सांगायला व्याख्यान नको, ही तिसरीतली बेरीज पुरे. पण मोजणीचा कागद वाहने मोजतो, माणसे मोजत नाही. त्यामुळे बसचे हे पुण्य कागदावर चढत नाही.

आता मोजणी झाली. समजा, दिवसाला इतक्या मात्रा गेल्या. मग रस्ता पुरेसा आहे की नाही? इथे दुसरे माप येते. अमेरिकेत १९५० साली रस्त्याच्या क्षमतेविषयी एक सरकारी पुस्तक निघाले. १९६५ च्या आवृत्तीत त्यांनी रस्त्याला परीक्षेसारख्या श्रेणी द्यायला सुरुवात केली, ए पासून एफ पर्यंत सहा. त्यांना सेवेच्या पातळ्या म्हणतात. 'ए' म्हणजे मोकळा रस्ता, तुम्ही तुमच्या मनाने चला. 'बी' मध्ये इतर वाहनांची चाहूल लागते, पण अडचण नाही. 'सी' आणि 'डी' मध्ये तुमचा वेग दुसरे ठरवू लागतात. 'ई' म्हणजे रस्ता तुडुंब भरला, थेंबभर जास्त झाले की सांडलेच. आणि 'एफ' म्हणजे कोंडी. आपल्याकडे गावांबाहेरचे रस्ते साधारण 'बी' पातळीला धरून आखावेत असा संकेत आहे. त्याप्रमाणे सपाट मुलखात एकपदरी रस्त्याला दिवसाला २,००० मात्रा, मधल्या रुंदीच्या रस्त्याला ६,००० आणि दुपदरी रस्त्याला १५,००० असे आकडे धरतात. आपल्या भारतीय रस्त्यांसाठी पुढे २०१७ सालचे स्वतंत्र मॅन्युअलही दिल्लीच्या रस्ते-संशोधन संस्थेने तयार केले आहे, पण वरचे जुने आकडे अजून इंजिनियरांच्या तोंडी आहेत.

ह्यातली एक गोष्ट चाणाक्ष श्रोत्याला खटकेल. 'बी' पातळी म्हणजे रस्त्याच्या पूर्ण क्षमतेच्या साधारण अर्धी. म्हणजे रस्ता अर्धा भरला की इंजिनियर काळजीला लागतो! हा उधळेपणा नाही का? अर्धा रस्ता रिकामा ठेवायचा?

ह्याचे उत्तर आपल्याला रस्त्यावर मिळणार नाही, जिनिंगच्या फाटकातल्या काट्यावर मिळेल. शिक्षक मंडळींनी हे गणित वर्गात जरूर मांडून पाहावे. समजा, काट्यावर एका गाडीचे वजन व्हायला सरासरी पाच मिनिटे लागतात. म्हणजे तासाला बारा गाड्या होतील. आता तासाला सरासरी सहाच गाड्या येत असतील, तर काटा अर्धा वेळ मोकळा. तरीसुद्धा गाडीवानाला फाटकात सरासरी दहा मिनिटे लागतील, स्वतःच्या वजनाची पाच आणि थांबण्याची पाच. तासाला नऊ गाड्या येऊ लागल्या की वीस मिनिटे. दहा आल्या की तीस. आणि अकरा आल्या की? एक घंटा! काटा बारा गाड्यांचा, आल्या अकराच, पण माणूस तासभर उन्हात. दहाच्या जागी अकरावी गाडी आली आणि प्रत्येकाचा वेळ दुप्पट झाला.

असे होण्याचे कारण एवढेच की गाड्या घड्याळ लावून येत नाहीत. पंधरा मिनिटे कोणीच येत नाही आणि मग एका गावाच्या चार गाड्या एकदम येतात. एकाचे वजन तीन मिनिटांत होते, दुसऱ्याचे गाठोडे सुटते आणि नऊ मिनिटे जातात. काटा रिकामा बसला ती पंधरा मिनिटे कायमची गेली, ती पुढच्या गर्दीला उसनी देता येत नाहीत. गाड्या बरोबर पाच-पाच मिनिटांनी आल्या असत्या आणि प्रत्येक वजन पाचच मिनिटांचे असते, तर बाराच्या बारा आल्या तरी कोणी थांबले नसते. ह्या रांगांचे शास्त्र एर्लांग नावाच्या डॅनिश गृहस्थाने १९०९ साली मांडायला सुरुवात केली, तीही कोपनहेगनच्या टेलिफोनच्या तारांसाठी. काट्याला, दवाखान्याला, टोलनाक्याला आणि चौकाला तेच गणित लागू पडते. तेव्हा रस्त्याचा मोकळा भाग हा वाया गेलेला भाग नसतो. शेताच्या बांधाला सांडवा ठेवतो, तसा तो असतो.

तिसरे माप वेगाचे. इथे सरासरी हा शब्द फसवतो. मुलांना विचारा, अमरावतीहून अकोल्याला ताशी ६० किलोमीटरने गेलो आणि ४० ने परत आलो, तर सरासरी वेग किती? दहातली नऊ मुले पन्नास म्हणतील. एका बाजूचे अंतर हिशेबाला १२० किलोमीटर धरा, म्हणजे जाताना दोन तास, येताना तीन. पाच तासांत २४०, म्हणजे ताशी ४८. कमी वेगात आपण जास्त वेळ घालवतो, म्हणून हळू चाललेला रस्ता सरासरीला खाली ओढतो.

हे नुसते कोडे नाही. आपल्या ह्याच अमरावती-अकोला महामार्गावर, जो पूर्वी ६ नंबरचा होता आणि आता ५३ नंबरचा आहे, २०२२ च्या जूनमध्ये एक विक्रम झाला. ७५ किलोमीटर लांबीची एक मार्गिका सलग डांबरी काँक्रीटची अंथरली गेली. ३ जूनच्या सकाळी काम सुरू झाले आणि ७ जूनच्या संध्याकाळी, १०५ तास ३३ मिनिटांनी, संपले. गिनेसच्या बुकात त्याची नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतार देशाचा, सुमारे २५ किलोमीटरचा होता. आपल्या मजुरांनी आणि इंजिनियरांनी रात्रंदिवस केलेले हे काम, त्याचा अभिमान वाटावा असेच आहे. पण आता हिशेब करा. समजा, मोटारीने ८० किलोमीटर एका तासात कापले आणि गावाच्या तोंडापासून मुक्कामापर्यंतच्या उरलेल्या १५ किलोमीटरला पाऊण तास लागला. एकंदर ९५ किलोमीटरला पावणेदोन तास, म्हणजे ताशी ५४. मोकळ्या रस्त्यावर वेग ८० वरून १०० केला, तर बारा मिनिटे वाचतील. त्याऐवजी गावातल्या १५ किलोमीटरला पाऊण तासाऐवजी अर्धा तास लागू दिला, तर पंधरा वाचतील. वेळ कुठे सांडते हे पाहायचे असेल तर महामार्गापेक्षा गावाच्या वेशीवर जाऊन उभे राहावे.

आणि तिथे एक मोठा चकवा आहे, त्याबद्दल सावध करतो. समजा, रस्त्याकडेला बसलेल्या मोजणाराने लिहिले, "तासाला ६०० मोटारी गेल्या." ह्यावरून रस्ता कसा होता हे सांगता येईल का? येणार नाही. त्या ६० च्या वेगाने जात असतील, तर एका किलोमीटरमध्ये दहाच मोटारी, म्हणजे शंभर-शंभर मीटरवर एक, रस्ता मोकळा. आणि त्याच ६०० मोटारी ताशी १० च्या वेगाने सरपटत असतील, तर किलोमीटरमध्ये साठ मोटारी, एकीच्या मागे एक. कागदावरचा आकडा दोन्ही वेळी तोच! ग्रीनशील्ड्स नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९३०-४० च्या दरम्यान ओहायो राज्यात रस्त्याकडेला सिनेमाचा कॅमेरा लावून हे पहिल्यांदा नीट दाखवले. गर्दी वाढते तशी जाणारी वाहने आधी वाढतात, एका टोकाला पोचतात, आणि मग कोंडी झाली की उलट कमी होऊ लागतात. तेव्हा कोंडी झालेल्या चौकात फक्त गाड्या मोजल्या तर आकडा लहान येतो, आणि साहेब म्हणतात, "इथे तर वर्दळच नाही." म्हणून मोजणीबरोबर वेग किंवा थांबलेला वेळ मोजलाच पाहिजे.

चौकात थांबलेला वेळ मोजायची युक्ती इतकी सोपी आहे की सातवीच्या मुलांना जमेल. चौकाच्या एका बाजूला, रस्त्यापासून दूर, ओट्यावर उभे राहायचे. घड्याळात पाहून दर १५ सेकंदांनी त्या बाजूला थांबलेली वाहने मोजायची आणि लिहायची. दुसऱ्याने त्याच वेळात त्या बाजूने चौक ओलांडून गेलेली वाहने मोजायची. पाच मिनिटांत वीस नोंदी होतील. समजा, त्यांची बेरीज १२० आली. १२० गुणिले १५, म्हणजे सगळ्या वाहनांचे मिळून १,८०० सेकंद गेले. तेवढ्यात ६० वाहने पार झाली असतील, तर प्रत्येकी ३० सेकंद. सिग्नलच्या चौकाला अमेरिकन कोष्टकात दहा सेकंदांपर्यंत 'ए', वीसपर्यंत 'बी', पस्तीसपर्यंत 'सी', पंचावन्नपर्यंत 'डी', ऐंशीपर्यंत 'ई' आणि त्यापुढे 'एफ'. म्हणजे आपला चौक 'सी'त बसला. हल्ली मोबाइलच्या नकाशात रस्ता लाल दिसतो, तो फोनच्या हालचालीवरून काढलेला असतो. ज्याच्या खिशात तसा फोन नाही, त्याचे थांबणे त्या लाल रंगात येत नाही. ओट्यावरचा मुलगा मात्र त्यालाही मोजतो.

आता एस.टी.कडे वळू, कारण आपल्यापैकी पुष्कळांचा संबंध रस्त्यापेक्षा गाडीशी जास्त. एस.टी.च्या दप्तरात एक शब्द आहे, भारमान. गाडीतल्या जागांपैकी किती भरल्या त्याची टक्केवारी. समजा, पन्नास जागांच्या गाडीच्या दोन फेऱ्या आहेत. सकाळच्या फेरीला ९० माणसे, दुपारच्या फेरीला १०. एकूण शंभर जागा, शंभर प्रवासी, भारमान शंभर टक्के! दप्तरात ह्याहून सुंदर आकडा नाही. पण प्रवाशांना विचारा. शंभरातले नव्वद म्हणतील, उभे राहायलाही जागा नव्हती. दहाच म्हणतील, पाय पसरून आलो. गाडीच्या बाजूने सरासरी काढली तर प्रत्येक फेरीत ५० माणसे. पण प्रत्येक प्रवाशाला आपल्याबरोबर किती माणसे भेटली ती सरासरी काढली, तर ती ८२ येते. एकच गोष्ट, गाडीच्या डोळ्यांनी पाहिली तर ५० आणि माणसाच्या डोळ्यांनी पाहिली तर ८२. दप्तर खोटे बोलत नाही आणि प्रवासीही खोटे बोलत नाही.

वाट पाहण्याचेही तसेच. तासाला दोन गाड्या असल्या आणि बरोबर अर्ध्या-अर्ध्या तासाने आल्या, तर फाट्यावर केव्हाही येणाऱ्याला सरासरी १५ मिनिटे थांबावे लागते. पण त्याच दोन गाड्या एकीमागे एक दहा मिनिटांत आल्या आणि मग पन्नास मिनिटे काही नाही, तर सरासरी थांबणे १५ राहत नाही, साडेएकवीस मिनिटांच्या वर जाते. कारण माणूस त्या पन्नास मिनिटांच्या पोकळीतच सापडण्याचा संभव जास्त. वेळापत्रकात फेऱ्या दोनच, त्यात काही कमी झालेले नाही. म्हणून फेऱ्या किती हे विचारण्यापेक्षा दोन फेऱ्यांत अंतर किती पडते, हे विचारणे जास्त कामाचे.

रेल्वेचे माप आणखी निराळे. फाटकावर पूल हवा की नको हे ठरवताना दिवसाभरात जाणाऱ्या आगगाड्या गुणिले रस्त्यावरची वाहने असा गुणाकार करतात, आणि तो एक लाखाच्या वर गेला की पुलाची मागणी सबळ धरतात. मुंबई-नागपूरच्या मुख्य लोहमार्गावर बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला ह्या पट्ट्यात आगगाड्यांची संख्या मोठी, त्यामुळे वाहने थोडी असूनही गुणाकार फुगतो. त्या मूर्तिजापुरातूनच एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे यवतमाळला आपली शकुंतला जात असे. १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर आणि नंतर डिझेलवर. वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. वेगाच्या कोष्टकात तिला 'एफ'च्याही खालची श्रेणी मिळाली असती! पण तिकीट परवडणारे होते, आणि ज्या गावात बस येत नव्हती तिथे ती थांबत होती. गेली काही वर्षे ती धावत नाही. ज्यांना ती हवी होती त्यांचे माप वेगाचे नव्हतेच.

इथे मला जुन्या काळातल्या एका वेगळ्या मापाची आठवण द्यायची आहे. १९४३ च्या डिसेंबरात नागपूरला, जी तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती, साऱ्या देशातले मुख्य इंजिनियर जमले आणि त्यांनी वीस वर्षांची रस्ते-योजना आखली. तिला नागपूर योजना म्हणतात. त्यांनी विचारलेला प्रश्न किती गाड्या जातात हा नव्हता. त्यांनी विचारले, गाव रस्त्यापासून किती लांब आहे? शेतीच्या पिकत्या मुलखात कोणतेही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब असू नये, असे त्यांनी धरले. जिल्ह्यात पिकती जमीन किती, दोन ते पाच हजार वस्तीची गावे किती, पाच हजारांवरची किती, ह्यावरून रस्त्याची लांबी काढायचे एक सूत्र केले. पाच हजारांवरच्या गावाला त्यात पाच मैल मिळत, त्याहून लहानाला एक. आगगाडी जिथून जाते तेवढी लांबी वजा होई. पुढच्या १९६१ च्या योजनेत पाच मैलांचे अंतर पक्क्या रस्त्यासाठी चारवर आणि कोणत्याही रस्त्यासाठी दीड मैलावर आणले. २००० साली पंतप्रधान ग्रामसडक योजना आली, तिनेही वस्तीचा आकडा धरला. सपाटीवर ५००, डोंगरी आणि आदिवासी भागात २५०. आपल्या मेळघाटातल्या पाड्यांना ह्या २५० च्या आकड्याचा आधार झाला, आणि दोनशे वस्तीचा पाडा त्यावेळी रेघेच्या पलीकडे राहिला.

मला विचाराल तर ह्या दोन प्रश्नांत हाच खरा फरक आहे. गाड्या मोजणारा माणूस जो रस्त्यावर आला त्यालाच मोजतो. जो आलाच नाही, त्याची रेघ कोण ओढणार? नाल्याला पूर म्हणून ज्या बाईला दवाखान्यात नेले नाही, ती कोणत्याही वाहतूक गणनेत नाही. संध्याकाळची गाडी अंधार पडल्यावर येते म्हणून ज्या मुलीची शाळा आठवीनंतर सुटली, तिच्या न जाण्याने तर भारमान सुधारलेच असेल. रस्त्यावर वर्दळ नाही म्हणून पूल नाही, आणि पूल नाही म्हणून वर्दळ नाही, हे रहाटगाडगे कागदावर बरोबरच दिसते.

शिक्षक मंडळींना म्हणून एक सुचवतो. पुढच्या महिन्यात एक दिवस बाजाराचा आणि एक दिवस बिनबाजाराचा असे दोन दिवस धरा. सहावी-सातवीची चार-चार मुले, सोबत एक मोठे माणूस, फाट्यावरच्या लिंबाखाली, रस्त्यापासून दहा पावले आत. सकाळी सात ते अकरा आणि दुपारी तीन ते सहा. कागदावर मोटार, ट्रक, बस, फटफटी, सायकल, बैलगाडी असे नेहमीचे रकाने आखा, आणि त्यांच्यापुढे आणखी तीन आखा. एक पायी जाणाऱ्यांचा, कारण तो सरकारी कागदावर बहुधा नसतो. दुसरा गाडीत जागा नाही म्हणून फाट्यावरच राहिलेल्यांचा, गाडीची वेळ आणि राहिलेली माणसे. तिसरा रकाना फाट्यावर भरता येणार नाही, तो शाळेत परत आल्यावर हजेरीपटावरून भरायचा: गेल्या वर्षी वरच्या शाळेत नाव होते आणि ह्या वर्षी नाही अशी मुले किती, आणि त्यांच्या गावाहून फाटा किती मिनिटांवर. कागदाच्या दोन प्रती करा. एक ग्रामसभेच्या दप्तरात ठेवा, आणि एक शाळेत, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना ताडून पाहता येईल.